एक्केचाळीस डोमेन, एक बिल: रिन्यूअलच्या तारखा जुळवतानाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

कोल्हापुरात आमचे दोन माणसांचे होस्टिंगचे दुकान आहे. स्वतः रजिस्ट्रार (डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावे, नोंदवून देणारी कंपनी) नाही, रिसेलर, म्हणजे त्यांच्याकडून घेऊन पुढे विकणारे. शिरोली एमआयडीसीतला एक पंप बनवणारा कारखाना आमचा सगळ्यात जुना ग्राहक. शनिवारी त्यांच्या अकाउंट्समधल्या काकांचा फोन आला: "परवाच तुमचं बिल दिलं की ओ, आज परत कसलं?"

परवाचे डॉट इनचे होते, आजचे डॉट कॉमचे. दोन्ही खरीच. आज गेल्या वर्षाचा हिशेब काढला: त्यांची ४१ डोमेन, आम्ही पाठवलेली बिले २९. ८५० रुपयांचे डोमेन, १८ टक्के जीएसटी धरून १,००३ चे बिल. त्यासाठी तिकडे आधी पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, निघतो, मग धाकट्या मालकांची सही, मग एनईएफटी. पैसे यायला सरासरी ११ दिवस. त्यातल्या चार बिलांच्या वेळी पैसे येईपर्यंत तारीख उलटून जाईल म्हणून आम्हीच आधी भरले होते.

काकांना शब्द दिला की वर्षातून एकच बिल येईल. आठवड्याचे काम वाटले. ते किती दिवस चालले ते खालच्या तारखांवरून कळेलच.

५ जून

यादी. रजिस्ट्रारच्या पॅनलमधून उतरवलेली एक, आणि रजिस्ट्रीकडची (डॉट कॉम, डॉट इन अशा प्रत्येक शेवटाची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था) आरडॅपने, म्हणजे नोंदी विचारण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, विचारलेली दुसरी. दोन्ही जुळतील अशी अपेक्षा होती. ७ डोमेनच्या तारखेत एक दिवसाचा फरक.

अर्धा दिवस गेल्यावर कारण सापडले. रजिस्ट्री तारीख यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ) ठेवते आणि आमचे पॅनल भारतीय वेळ दाखवते. १४ ऑगस्टला यूटीसी रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी संपणारे डोमेन आपल्याकडे १५ ऑगस्टला पहाटे १:३५ ला संपते. यूटीसी संध्याकाळी साडेसहानंतर संपणारे प्रत्येक डोमेन असेच एक दिवस पुढे दिसणार.

एक दिवसाने काय बिघडते, असे वाटले आणि तीन डोमेन चाचणीसाठी एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने थेट आज्ञा पाठवून, रिन्यू करून पाहिली. तिन्ही नाकारली. रिन्यूच्या आज्ञेसोबत सध्याची एक्सपायरी पाठवावी लागते आणि ती रजिस्ट्रीशी तंतोतंत जुळावी लागते. मी भारतीय तारीख पाठवत होतो.

आता शीटमध्ये यूटीसीचा रकाना आहे तसा, मजकूर म्हणून ठेवला आहे. एक्सेलला तो तारीख म्हणून दिलात तर ते आपल्या मनाने फिरवते. भारतीय तारीख शेजारी, फक्त माणसांना वाचायला.

८ जून

काय जमते आणि काय नाही, याचा शोध. दोन गोष्टी मलाच चुकीच्या माहीत होत्या.

पहिली: रिन्यू करून तारीख सरकवता येते. नाही येत. आमच्याकडे रिन्यूअल पूर्ण वर्षांचेच होते. ईपीपीच्या (रजिस्ट्रार आणि रजिस्ट्री यांच्यातल्या संवादाची ठरलेली भाषा) लेखी नियमात महिन्यांची सोय आहे, पण आमच्या रजिस्ट्रारकडे महिन्यांचा पर्यायच नाही. १५ एप्रिलचे डोमेन दहा वर्षांनी वाढवा, ते १५ एप्रिललाच संपणार. आणि आजपासून दहा वर्षांच्या पलीकडे ते जाऊही शकत नाही.

दुसरी: ट्रान्सफर केले, म्हणजे डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेले, की नव्या तारखेपासून वर्ष सुरू होते. हेही खोटे. डॉट कॉमच्या ट्रान्सफरमध्ये एक वर्ष मिळते, पण ते जुन्या एक्सपायरीलाच जोडले जाते. दिवस आणि महिना हलत नाहीत.

तारीख खरोखर हलवणारी एकच सोय सापडली. डॉट कॉम आणि डॉट नेट सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनची, नाव 'कन्सॉलिडेट'. तुम्ही महिना आणि दिवस सांगायचा, डोमेन त्या दिवसापर्यंत पुढे ढकलले जाते आणि मधल्या काळाचे पैसे लागतात. तारीख फक्त पुढे जाते, मागे येत नाही. मात्र रजिस्ट्रीकडे सोय आहे म्हणून रजिस्ट्रारने ती द्यायलाच हवी असे नाही. आमच्याकडे पॅनलमध्ये बटण नाही. सपोर्टला तिकीट टाकले तर "हाताने करून देऊ, वेळ लागेल" असे उत्तर. डॉट इनसाठी तशी कुठलीच सोय त्यांच्याकडून मिळाली नाही.

आपल्या ४१ मध्ये डॉट कॉम १९, डॉट नेट ३, डॉट इन ११, डॉट को डॉट इन ५, डॉट ओआरजी १, आणि डॉट भारत २. म्हणजे जेमतेम अर्ध्यांची तारीख हलेल.

१४ जून

कुठली तारीख? यावर काकांसोबत दीड तास आणि तीन चहा.

मला दिवाळीनंतरची हवी होती, तेव्हा त्यांच्याकडे पैसा खेळता असतो. काका १ एप्रिलवर अडून बसले. बिल नोव्हेंबर ते ऑक्टोबर असेल तर ३१ मार्चला त्याचे दोन तुकडे करावे लागतात, पाच महिन्यांचा खर्च यंदाचा, उरलेला पूर्वदत्त म्हणून पुढच्या वर्षात. "तुमच्या साडेआठशेसाठी मी दरवर्षी जर्नल एंट्री टाकत बसू का?" बिनतोड मुद्दा.

पण ३१ मार्चला कुठल्याही अकाउंट्स खात्यात आपले बिल पाठवणे म्हणजे पंचगंगेच्या पुरात होडी सोडणे. शेवटी असे ठरले: बिलाचा काळ १ एप्रिल ते ३१ मार्च, बिल पाठवायचे फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पैसे फेब्रुवारीअखेर. आणि जी डोमेन सरकवता येतात त्यांची एक्सपायरी १५ मे. बिलाचे वर्ष संपल्यावर दीड महिना मोकळा. पैसे यायची तारीख आणि डोमेन मरायची तारीख एकच ठेवायची नाही, हे माझे मत मी काकांच्या गळी उतरवले.

२१ जून

छाटणी. जे ठेवायचे नाही त्याची तारीख कशाला जुळवा? ब्रँडच्या स्पेलिंगच्या चुका, २०१६ मध्ये बंद झालेले एक मॉडेल, धाकट्या मालकांना एका रात्री सुचलेले ठिबक सिंचनाचे नाव. ज्यांच्यावर वेबसाइट नाही अशी ८ काढली: डॉट कॉम ४, डॉट नेट १, डॉट इन २, को डॉट इन १. उरली ३३.

"ज्यांच्यावर वेबसाइट नाही" हा निकष लक्षात ठेवा. पुढे सप्टेंबरात त्याने हात दाखवला.

१२ जुलै

३३ पैकी ९ डोमेन दुसऱ्या, परदेशी रजिस्ट्रारकडे आहेत. थोरल्या मालकांनी स्वतःच्या कार्डावर कधीकाळी घेतलेली. डॉट कॉम ४, डॉट नेट १, डॉट ओआरजी १, डॉट इन ३. तिथल्या पॅनलमध्ये 'ऑटो-रिन्यू चालू' असा हिरवा दिवा आहे, म्हणून सगळे निर्धास्त. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (कार्डावरून आपोआप पैसे कापायला आगाऊ दिलेली संमती) नियम लागू झाले, आणि हे कार्ड तिथे मँडेटशिवायच साठवलेले होते. तेव्हापासून एकही पैसा आपोआप कापला गेलेला नाही. थोरले मालक मेल आली की हाताने भरत होते आणि त्यालाच ऑटो-रिन्यू समजत होते.

ही ९ आमच्याकडे आणायची. मालक म्हणून थोरल्यांचे वैयक्तिक नाव होते, ते आधी बदलून कंपनीचे केले. नीटनेटकेपणाची हौस. आणि लगेच ट्रान्सफर लावला तर ६ डोमेनवर कुलूप. डॉट कॉमसारख्या डोमेनवर मालकाचे नाव, संस्था किंवा ईमेल बदलले की ६० दिवस ट्रान्सफर बंद, असा आयकॅनच्या (डोमेनचे जागतिक नियम ठरवणारी संस्था) धोरणातला नियम आहे. काही रजिस्ट्रार बदलाच्या आधी 'हे कुलूप नको' असा पर्याय देतात. आम्ही तो चौकोन न वाचता पुढे गेलो होतो.

आधी ट्रान्सफर, मग नाव. उलट केल्यामुळे कुलूप १० सप्टेंबरपर्यंत. डॉट इनची तिन्ही त्यामानाने सुरळीत आली.

२६ जुलै

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आहे. सहकारी गावातून निघू शकत नाही, ऑफिस तीन दिवस बंद. तारखा सरकवण्याची तिकिटे टाकली आहेत ती तशीच पडून.

१३ ऑगस्ट

आमच्याकडच्या ११ डॉट कॉमच्या तारखा १५ मे वर आल्या. तिकिटापासून दोन आठवड्यांहून जास्त. मधल्या महिन्यांचे मिळून ४,१५० रुपये, हे ग्राहकाने दिले.

पॅनलमध्ये एकाखाली एक ११ वेळा '१५ मे' बघून बरे वाटले, आणि मग वर्षे दिसली. ९ डोमेन १५ मे २०२५, दोन १५ मे २०२६. ती दोन मागच्याच महिन्यांत रिन्यू झालेली, म्हणून त्यापुढच्या मेपर्यंत ढकलली गेली. सरकवण्यातून दिवस-महिना जुळतो, वर्ष नाही. वर्षे जुळवायला त्या ९ ना एकेक वर्ष वेगळे भरावे लागणार.

दोन डॉट नेट राहिली. त्यातले एक दुसरीकडे अडकलेले. दुसऱ्यासाठी तिकीट परत आले, कारण मी महिना आणि दिवस उलटसुलट लिहिला होता. पुन्हा टाकायचा कंटाळा केला. खरे सांगायचे तर याच दिवशी पहिल्यांदा मनात आले की ग्राहकाला एक्सपायरीची तारीख कधी दिसतच नाही, त्याला दिसते ते बिल. पण एवढी मेहनत झाली होती, म्हणून तो विचार बाजूला ठेवला.

१ सप्टेंबर, रविवार

काल रात्रीची नोंद आज लिहितो, काल लिहायच्या मनःस्थितीत नव्हतो.

१ सप्टेंबरपासून डॉट कॉमचा रजिस्ट्रीचा दर ९.५९ डॉलरवरून १०.२६ डॉलर होणार होता. ९ डोमेनना एक वर्ष भरायचेच आहे तर जुन्या दरात भरू, असे ठरवले. वाचणार किती? डोमेनमागे ६७ सेंट, नऊंचे ६ डॉलर. ८४ च्या भावाने पाचशे रुपये. त्या पाचशे रुपयांसाठी शनिवारी रात्री अकराला मी स्क्रिप्ट चालवली.

दरवाढीच्या आदल्या रात्री अख्खे जग हेच करत असावे. एपीआय गुडघे टेकत होते. चार डोमेनच्या वेळी उत्तर न येता वेळ संपली. माझ्या स्क्रिप्टमध्ये 'उत्तर नाही आले तर पुन्हा प्रयत्न कर' असे होते. आणि जूनमधल्या एक्सपायरीच्या गोंधळावर उपाय म्हणून मी अजून एक हुशारी केली होती: प्रत्येक प्रयत्नाच्या आधी सध्याची एक्सपायरी ताजी वाचून घे आणि तीच पाठव.

पहिल्या वेळी उत्तर आले नव्हते, पण रिन्यूअल झाले होते. दुसऱ्या प्रयत्नात स्क्रिप्टने नवी एक्सपायरी, १५ मे २०२६, वाचली, तीच इमानदारीने पाठवली आणि रजिस्ट्रीने इमानदारीने आणखी एक वर्ष दिले. चार डोमेन १५ मे २०२७ वर.

आज सकाळी ईपीपीचा दस्तऐवज उघडला तेव्हा कळले की सध्याची एक्सपायरी मागतात ती याचसाठी. तीच आज्ञा चुकून दोनदा गेली तर दुसऱ्या वेळी तारीख जुळू नये आणि ती नाकारली जावी. ते कुलूप मी स्वतः किल्लीसकट स्क्रिप्टला दिले होते.

पैसे परत? रिन्यू केल्यापासून पाच दिवसांची सवलत असते असे ऐकून होतो. असते, पण त्या मुदतीत डोमेन डिलीट केले तरच पैसे परत. रिन्यूअल तेवढे मागे घेता येत नाही. चालू धंद्याची चार डोमेन ३,६०० रुपयांसाठी डिलीट करणार कोण? पाचशे वाचवायला गेलो, ३,६०० अडकवले. वर्षे वाया गेली नाहीत, पण ग्राहकाने मागितलेली नव्हती, म्हणून सध्या आमच्या खिशातून.

दुरुस्ती: एक्सपायरी आता शीटमधून, स्क्रिप्ट सुरू होण्याआधी गोठवलेली. उत्तर आले नाही तर स्क्रिप्ट थांबते आणि माणूस बघतो. पुन्हा प्रयत्न बंद.

२० सप्टेंबर

काल दुपारी कारखान्यातून डिस्पॅच बघणाऱ्यांचा फोन. "कालपासून सोलापूर, बेळगावच्या डिलरांच्या मेल येत नाहीत."

जूनमध्ये छाटलेले डॉट नेट १४ तारखेला संपले. त्यावर वेबसाइट नव्हतीच कधी. पण २०१३ च्या छापील कॅटलॉगवर ऑर्डरसाठी त्याच डोमेनचा ईमेल पत्ता आहे, आणि डिलर लोक अजून तोच कॅटलॉग गल्ल्याच्या काचेखाली ठेवून आहेत. मेल त्या पत्त्यावर येऊन पुढे ढकलली जात होती, म्हणून कारखान्यातही कुणाला ते डोमेन वापरात आहे हे माहीत नव्हते. संपल्यावर चार दिवसांनी रजिस्ट्रारने नेमसर्व्हर (डोमेनची मेल आणि वेबसाइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) स्वतःच्या पार्किंगकडे, म्हणजे रिकाम्या पानाकडे, वळवले आणि मेल थांबली.

नशिबाने अजून सवलतीचा काळ होता. रजिस्ट्री डॉट कॉम-नेटला संपल्यावर ४५ दिवसांपर्यंतचा ऑटो-रिन्यूचा काळ देते, त्यातला किती ग्राहकाला द्यायचा ते रजिस्ट्रार ठरवतो. साध्या दरात परत मिळाले. तो काळ उलटून रिडेम्प्शनमध्ये गेले असते तर तिथे ३० दिवस आणि दंडासकट रक्कम, त्यानंतर ५ दिवसांत ते खुल्या बाजारात. मग कुणीही ते घेतले असते आणि डिलरांच्या ऑर्डरी त्याच्या इनबॉक्समध्ये. पैशापेक्षा मला या विचाराने घाम फुटला.

मेल आज सकाळी सुरळीत झाली. दोन दिवसांच्या ऑर्डरी डिलरांना फोन करून पुन्हा मागवल्या, तो अपमान वेगळा.

छाटणीची पद्धत बदलली. वेबसाइट आहे का हे बघणे पुरेसे नाही. एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरवर जाते ती) आहे का, त्यावर महिन्याभरात मेल आली का, दुसऱ्या कुठल्या डोमेनचे नेमसर्व्हर याच्या नावावर आहेत का, बँक किंवा सरकारी पोर्टलच्या लॉगिनला यातला ईमेल दिला आहे का. एवढे बघूनही थेट सोडायचे नाही. डोमेन आपल्या ताब्यात असतानाच डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधून देणारी व्यवस्था) महिनाभर बंद ठेवायचे आणि कुणी ओरडते का ऐकायचे. ओरडले तर पाच मिनिटांत चालू करता येते. उरलेली ७ सध्या अशी अंधारात ठेवली आहेत.

एकूण डोमेन आता ३४.

२३ सप्टेंबर

कुलूप १० तारखेला निघाले, १२ ला सहाही ट्रान्सफर लावले, १७ ला आले. पाच ठीक. सहाव्याने एक वर्ष खाल्ले.

हे डॉट कॉम २८ ऑगस्टला, कुलपाच्या काळातच संपत होते. ३१ ऑगस्टला थोरल्या मालकांनी जुन्या रजिस्ट्रारकडे १,४०० रुपये भरले, आम्हीच सांगितले होते. २८ ऑगस्ट २०२५ अशी एक्सपायरी दिसू लागली. ट्रान्सफरचे एक वर्ष धरून २०२६ व्हायला हवे होते. आहे २०२५ च.

रजिस्ट्री संपण्याच्या दिवशी डोमेन आपोआप एक वर्ष वाढवते. त्या ४५ दिवसांत ट्रान्सफर झाला तर ते आपोआप दिलेले वर्ष रद्द होते, जुन्या रजिस्ट्रारला रजिस्ट्रीकडून त्याचे पैसे परत जातात आणि ट्रान्सफरचे वर्ष त्या जागी बसते. ग्राहकाने जुन्याला दिलेले १,४०० मात्र जुन्याकडेच. मागून पाहिले, मिळाले नाहीत. ४५ दिवस १२ ऑक्टोबरला पुरे होत होते. दसऱ्यानंतर ट्रान्सफर लावला असता तर काही बिघडले नसते. १,४०० आम्ही सोसले.

८ ऑक्टोबर

ज्या डोमेनची तारीख हलत नाही त्यांचे काय, हा प्रश्न बिलात सोडवला. रजिस्ट्रीत तारीख आहे तिथेच राहू दे. ग्राहकाकडून मात्र त्या तारखेपासून ३१ मार्चपर्यंतचेच पैसे घ्यायचे. उदाहरणार्थ २३ सप्टेंबरला संपणारे को डॉट इन: २४ सप्टेंबर ते ३१ मार्च १८९ दिवस, ८५० गुणिले १८९ भागिले ३६५, म्हणजे ४४० रुपये. आम्ही रजिस्ट्रारकडे पूर्ण वर्षाचे भरतो, उरलेले ४१० फेब्रुवारीच्या बिलात वसूल.

गणित चोख, बिल परत आले. काका: "हे काय, किराणा मालाची यादी हाय काय?" प्रत्येक डोमेनची वेगळी ओळ, वेगळे दिवस, वेगळी रक्कम. त्यांच्या पीओत दर ८५०, नग १. बिलात ४४०. त्यांचे सॉफ्टवेअर दर जुळल्याशिवाय बिल घेत नाही आणि नग ०.५१८ लिहायला काका तयार नाहीत.

दुसरे बिल: एकच ओळ, 'डोमेन सेवा, ३१ मार्च २०२५ पर्यंत', एकरकमी. तपशील सोबतच्या कागदावर. ज्यांचे ४५ पेक्षा कमी दिवस निघत होते त्यांचे पैसे सोडून दिले, एकूण तीनशेच्या आसपास. पीओ एकरकमी नवा. तिसऱ्या दिवशी पैसे जमा, या ग्राहकाकडून हा विक्रम.

हे काम जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. तारखा सरकवण्यात मी दोन महिने घालवले आणि काकांचा प्रश्न सुटला तो एका ओळीच्या बिलाने.

२३ नोव्हेंबर

काल रात्री नऊला थोरल्या मालकांचा फोन. "पैसे भरलेत म्हणता, मग ही मेल कसली?"

२२ डिसेंबरला संपणाऱ्या एका डॉट इनची महिनाभर आधीची आठवण. आमचा रजिस्ट्रार सगळ्याच डोमेनना अशी पाठवतो. डॉट कॉमसारख्यांना तर आयकॅनचा नियमच आहे: साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक, आणि संपल्यावर पाच दिवसांत एक. मेल डोमेनच्या मालकाला जाते, आपण थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये. पण बिलावर '३१ मार्चपर्यंत भरले' आणि मेलवर '२२ डिसेंबरला संपणार', यात सामान्य माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा? शिवाय खऱ्या मेल येत राहिल्या की खोट्याही खपतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 'सर्च इंजिन नोंदणी संपत आहे' अशा एका बनावट नोटिशीला पैसे भरले होते.

यावर रात्रभर डोके खाजवले. उत्तर साधे निघाले. मुदतीआधी रिन्यू केल्याने दिवस बुडत नाहीत, वर्ष जुन्या तारखेलाच जोडले जाते. मग डोमेनच्या तारखेची वाट कशाला बघायची? फेब्रुवारीत पैसे येतात. ५ मार्चला एका बैठकीत सगळी रिन्यू करायची. नियम एकच: पुढच्या वर्षीच्या ५ मार्चनंतर ४५ दिवस तरी जे जिवंत राहणार नाही ते आज वाढवायचे. म्हणजे ज्याची एक्सपायरी पुढच्या २० एप्रिलच्या आधी, ते वाढवा. कुठलेच डोमेन पुन्हा महिनाभराच्या आत येत नाही, मेल जात नाही, फोन येत नाही. तारीख वर्षभरात कुठेही असो.

याचा तोटाही लिहून ठेवतो. २२ डिसेंबरचे डोमेन मार्चमध्ये भरायचे म्हणजे ग्राहकाने ज्याचे पैसे दिले नाहीत असे नऊ महिने आम्ही आगाऊ भरतो. सगळे मिळून अंदाजे ९,००० रुपये कायमचे अडकून राहणार. ग्राहक सोडून गेला तर ३१ मार्चपुढच्या महिन्यांचे पैसे देऊन जाईल, असे पत्रावर लिहून घेतले. धाकट्या मालकांनी न वाचता सही केली, म्हणून त्यांना ते वाक्य वाचून दाखवले.

३ फेब्रुवारी २०२५

वार्षिक बिल गेले. ३४ डोमेन, एक ओळ, जोडपत्र एक पान. चार डॉट कॉमना जास्तीचे वर्ष आधीच आहे, त्यांचे पैसे आता नेहमीप्रमाणे घेतले आणि ३,६०० तेवढे सुटले. १,४०० बुडाले ते बुडाले. वेळेची वही बघितली: ७४ तास, त्यात माझ्या चुका निस्तरण्याचे निम्म्याच्या आसपास.

अंधारात ठेवलेल्या ७ बद्दल कुणी ओरडले नाही. त्यातली पाच तारीख येऊन सुटली, दोन येत्या जूनपर्यंत आहेत.

५ मार्च २०२५

बैठक. काल रजिस्ट्रारकडच्या वॉलेटमध्ये २०,००० टाकले. मागे एकदा ऐन गणपतीत वॉलेट रिकामे होऊन रिन्यूअल अडकली होती, तेव्हापासून आदल्या दिवशी भरतो. आधी कोरडी फेरी: स्क्रिप्ट नुसती यादी छापते, रिन्यू करत नाही. ती आम्ही दोघांनी कागदावर टिकमार्क करत वाचली.

३४ पैकी सरकवलेल्या ११ डॉट कॉमना हात लावायची गरज नव्हती, ती १५ मे २०२६ किंवा त्यापुढे आहेत. ट्रान्सफरमध्ये वर्ष मिळालेली दोन तशीच. उरली २१. त्यातली दोन १ आणि ११ एप्रिलची. एक वर्ष वाढवले तर २० एप्रिल २०२६ च्या अलीकडेच पडतात, म्हणून त्यांना पहिल्या वेळी दोन वर्षे. हे कोरड्या फेरीत सहकाऱ्याच्या लक्षात आले, माझ्या नाही.

खऱ्या फेरीत १९ झाली. दोन अडकली, दोन्ही डॉट भारत. शीटमध्ये मी नावे देवनागरीत लिहिली होती. एपीआयला ती 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात लागतात. पॅनलमधून हाताने केली, शीटमध्ये त्यांच्यासाठी वेगळा रकाना वाढवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तास चाळीस मिनिटे.

सरकवायचे राहिलेले ते डॉट नेट आहे तिथेच, १४ सप्टेंबरचे तिथे, २३ चे को डॉट इन तिथे. ती तिकिटे आता टाकणार नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. "यंदा तुमचं एकच बिल आलंय. एखादं ऱ्हायलं तर न्हाई ना?"